ऑर्गनचे स्वर आणि पडद्यावरील रेघा

पाश्चात्त्य संगीत प्रथमच ऐकणाऱ्या भारतीय श्रोत्याला व्हायोलिनचे एकल वादन फारसे परके वाटत नाही. एक स्वर दुसऱ्याकडे जातो, तेथे थांबतो, मागे वळतो, आणि श्रोता त्याच्या मागोमाग जात राहतो. ऑर्गनवरील फ्यूग मात्र त्याला बहुधा बुचकळ्यात टाकतो. तेथे तीन, चार, क्वचित पाच स्वरावली एकाच वेळी चालत असतात आणि त्यांपैकी कोणतीही दुसरीच्या साथीला बसलेली नसते. मुख्य कोण आणि साथीदार कोण, हा आपल्या कानाला पडणारा पहिला प्रश्नच तेथे गैरलागू ठरतो. परिणामी होते असे की, श्रोता सर्वांत वरची स्वरावली तेवढी धरून ठेवतो आणि उरलेल्या तिन्ही एका भारदस्त गुंजारवात बुडून जातात. ज्यासाठी ती रचना झाली, नेमके तेच त्याच्या हातून निसटते.

ही अडचण केवळ भारतीयांचीच आहे असे समजण्याचे कारण नाही. युरोपातील सामान्य श्रोताही तिच्यापासून मुक्त नाही. तो आणि आपण यांच्यात फरक असलाच तर एवढाच की, त्याला त्या गोंगाटाची सवय झालेली असते. गेल्या काही दशकांत या अडचणीवर एक उपाय पुढे आला आहे. संगीत वाजत असताना त्याचा आलेख पडद्यावर सरकत जातो, प्रत्येक स्वर एक आडवी रेघ बनून दिसतो आणि वाजण्याच्या क्षणी उजळतो. या हलत्या आलेखांसाठी बाखच्या ऑर्गन-रचना पुनःपुन्हा निवडल्या गेल्या आहेत. असे का झाले, आणि अशा चित्रातून कानाला खरोखर काय मिळते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

त्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. मराठी संगीत रंगभूमीच्या रसिकाला ‘ऑर्गन’ म्हटले की बालगंधर्वांच्या नाटकांच्या साथीचे, पायाने भाता चालवावयाचे वाद्य आठवते. ती पायपेटी आणि आपली हार्मोनियम ही दोन्ही एकाच कुळातील वाद्ये होत. त्यांत हवेच्या झोताने धातूचे पातळ सूर थरथरतात व ध्वनी निर्माण होतो. येथे अभिप्रेत असलेला ऑर्गन हा चर्चमधील नळ्यांचा ऑर्गन होय. त्याच्या नळ्या लाकडाच्या किंवा कथिल-शिशाच्या मिश्रधातूच्या असतात, मध्यम आकाराच्या वाद्यातही त्यांची संख्या हजाराच्या पुढे जाते, आणि बहुतेक नळ्या बासरीच्या तत्त्वावर वाजतात. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन, तीन किंवा अधिक ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. पायांसाठी लाकडी पट्ट्यांची एक वेगळी ओळ असते, तिला पेडल म्हणतात. वादक बाजूचे खटके ओढून कोणत्या नळ्यांना वारा मिळावा हे ठरवितो. या खटक्यांना व त्यांनी खुल्या होणाऱ्या नळ्यांच्या संचांना ‘स्टॉप’ असे नाव आहे.

या वाद्याचा एक गुणधर्म आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सतारीची तार छेडली की स्वर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. पियानोचेही तसेच. ऑर्गनचा स्वर मात्र पट्टी दाबली की सुरू होतो, पट्टी दाबून धरली आहे तोवर त्याच जोराने राहतो, आणि बोट उचलताच तुटतो. पट्टी हळू दाबली काय किंवा जोराने दाबली काय, आवाजाच्या मोठेपणात फरक पडत नाही. म्हणजे ऑर्गनवरील प्रत्येक स्वराविषयी तीनच गोष्टी सांगावयाच्या असतात: तो कोणता, केव्हा सुरू झाला आणि केव्हा थांबला. सुरुवात, शेवट आणि उंची! कागदावर ओढलेल्या आडव्या रेघेतही नेमक्या याच तीन गोष्टी असतात. रेघेच्या भाषेत जसेच्या तसे उतरावे असे वाद्य शोधू गेल्यास ऑर्गनइतके सोयीचे दुसरे सापडणे कठीण. उलट, ख्यालातील मींड अशा तुटक रेघांनी दाखवावयाची म्हटले तर ती पायऱ्या-पायऱ्यांची होऊन बसेल. तिला वळणारी, न तुटणारी रेषाच हवी.

संगीत लिहिण्याचे मार्ग अनेक आहेत. पाच रेघांची युरोपीय लिपी सर्वपरिचित आहे. परंतु सतराव्या शतकातील उत्तर जर्मनीचे ऑर्गनवादक पुष्कळदा एक वेगळी लिपी वापरीत, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. तिला टॅब्लेचर म्हणतात. तिच्यात स्वरांची नावे अक्षरांनी लिहिली जात, लयीची चिन्हे त्यांच्यावर मांडली जात, आणि प्रत्येक स्वरावलीची ओळ स्वतंत्र असे. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीशी परिचय असलेल्या वाचकाला हे पान पाहून घरी आल्यासारखे वाटेल! योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याने वयाच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे १७०० मध्ये, राइंकेन या ऑर्गनवादकाच्या रचनेची नक्कल याच लिपीत केली होती. ती नक्कल वायमार येथील ग्रंथालयात सापडल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले.

अक्षरांच्या लिपीत स्वरावली वेगवेगळ्या ठेवता येतात, पण स्वर वर गेला की खाली आला हे डोळ्याला दिसत नाही, ते वाचून समजून घ्यावे लागते. पाच रेघांच्या लिपीत चढउतार दिसतो, पण स्वर किती काळ टिकला हे चिन्हाच्या आकारावरून ओळखावे लागते. लांब स्वर लांब दिसत नाही. हे काम एका यंत्राने केले, आणि तेही वाचकासाठी नव्हे. फ्रायबुर्ग येथील वेल्टे या कारखान्याने १९११ मध्ये आपोआप वाजणारा ऑर्गन लोकांपुढे आणला. त्यात छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी घातली जाई. कागदाच्या रुंदीत कोणता स्वर ते ठरे, आणि लांबीत तो किती काळ वाजावयाचा ते. लांब स्वरासाठी लांब फट, आखूड स्वरासाठी बारीक भोक. कोणते स्टॉप केव्हा उघडावयाचे याच्याही सूचना त्याच कागदावर असत. माक्स रेगर या संगीतकाराने १९१३ मध्ये अशा गुंडाळ्यांसाठी स्वतः वादन केले होते. ही गुंडाळी उलगडून भिंतीवर लावली असता जे दिसते, ते आजच्या हलत्या आलेखाचे जवळजवळ तयार चित्रच होय. केवळ ते पाहावे असे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही.

ज्यांच्या मनात संगीत पाहण्याची इच्छा होती, त्यांची नजर दुसरीकडेच, म्हणजे रंगांकडे लागलेली होती. न्यूटनने आपल्या १७०४ च्या प्रकाशविषयक ग्रंथात वर्णपटाचे सात भाग केले ते सप्तकाच्या धर्तीवरच. फ्रान्समधील लुई बेर्त्रां कास्तेल या जेझुइट पाद्र्याने १७२५ मध्ये पट्टी दाबताच रंग दाखविणाऱ्या वाद्याची कल्पना मांडली आणि पुढे आयुष्यभर तिचा पाठपुरावा केला. संगीतकार टेलेमान याने १७३९ मध्ये तिचे वर्णनही प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर वॉलेस रिमिंग्टन याने १८९३ मध्ये ‘रंगांच्या ऑर्गन’चे पेटंट घेतले. या ऑर्गनमधून आवाज मुळीच निघत नसे. तो फक्त रंग फेकी, संगीत दुसऱ्यांनी वाजवावयाचे. या सर्व प्रयत्नांच्या मुळाशी एक समजूत होती, ती ही की अमुक स्वराचा अमुक रंग निसर्गानेच नेमून दिला आहे. तसे काही नाही. कास्तेलने षड्जस्थानी धरलेला रंग एक, दुसऱ्याने धरलेला वेगळा. शिवाय रंग डोळ्यांपुढून गेला की गेला; आधीचा स्वर आणि आताचा स्वर यांचे नाते तो दाखवू शकत नाही. फ्यूग समजण्यासाठी तर नात्यांचीच गरज असते.

चित्रपटाचा शोध लागल्यावर रंगाला गती आणि आकार मिळाला. या क्षेत्रातील सर्वांत मोठे नाव ऑस्कर फिशिंगर (१९००–१९६७) याचे. जर्मनीतील गेल्नहाऊझेन या गावी जन्मलेल्या या कलावंताने शालेय शिक्षण संपल्यावर काही काळ ऑर्गन बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवारी केली होती. नळीची लांबी आणि स्वराची उंची यांचे प्रमाण त्याने हाताने मोजलेले होते, आणि त्याच्या पुढील कामाकडे पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही. १९३२ च्या सुमारास त्याने नक्षीच्या पट्ट्या थेट फिल्मच्या ध्वनिमार्गावर उमटवून त्यांतून आवाज काढण्याचे प्रयोगही केले. आकार आणि ध्वनी या त्याच्या दृष्टीने दोन वस्तू नव्हत्याच.

फिशिंगर १९३६ मध्ये अमेरिकेत गेला. १९३८ च्या अखेरीस वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेत त्याला काम मिळाले, ते ‘फँटेशिया’ या चित्रपटातील बाखच्या टोकाटा आणि फ्यूगच्या भागासाठी. हीच ती डी मायनरमधील, ऑर्गनची म्हणून जगभर ओळखली जाणारी रचना. तिचे बाखच्या हस्ताक्षरातील मूळ उपलब्ध नाही, आणि ती बाखचीच आहे काय, असा प्रश्न पीटर विल्यम्स या अभ्यासकाने १९८१ मध्ये उपस्थित केला, तो अद्याप चर्चेत आहे. असो. फिशिंगरने शुद्ध आकारांची मांडणी तयार केली. ती इतरांनी बदलली. प्रेक्षकाला ओळखीचे काही तरी दिसावे म्हणून तिच्यात व्हायोलिनच्या कमानी, तारा, ढग यांचा भास आणला गेला. १९३९ मध्ये तो तेथून बाहेर पडला, आणि १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘फँटेशिया’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याचे नाव श्रेयनामावलीत नव्हते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून लक्षणीय गोष्ट अशी की, त्या भागात ऑर्गन वाजतच नाही. लेओपोल्ड स्टोकोव्स्की याने ती रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी बसविली होती, आणि तीच पडद्यामागून ऐकू येते. स्टोकोव्स्की स्वतः तरुणपणी चर्चचा ऑर्गनवादक होता, त्यामुळे अज्ञानापोटी हे झाले असे म्हणता येत नाही. वाद्यवृंदात प्रत्येक स्वरावलीला निराळे वाद्य देता येते. चित्रकाराला पकडावयास काही तरी मिळते. ऑर्गनचा अखंड, एकसारखा स्वर चित्रकाराला असे काही देत नाही. त्याच सुमारास, १९३७–३८ मध्ये, मेरी एलन ब्यूट हिने हीच टोकाटा घेऊन एक लहानसा चित्रपट केला. आडव्या-उभ्या रेघांच्या गजाआड अडकलेला त्रिकोण सुटण्यासाठी धडपडतो, एवढाच त्याचा विषय. फिशिंगरने १९४७ मध्ये बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोबरोबर जो चित्रपट केला, त्यात काचेसारख्या पारदर्शक फलकांवर तैलरंगाचा एकेक फटकारा मारून त्याचे एकेक छायाचित्र घेतलेले आहे. तो थोर आहे. पण तो पाहून ती रचना कशी बांधली आहे हे कळत नाही, आणि ते कळावे असा त्याचा हेतूही नव्हता. ही चित्रे संगीताला दिलेले उत्तर आहेत. आपल्याला तूर्त हवा आहे तो नकाशा.

तो नकाशा कॅलिफोर्नियातील स्टीफन मालिनोव्स्की या संगीतज्ञाने तयार केला. १९७४ मध्ये त्याच्या मनात ही कल्पना आली. प्रथम त्याने कागदाच्या लांब गुंडाळीवर रेघा काढल्या, आणि १९८५ मध्ये संगणकासाठी आज्ञावली रचली. तिला त्याने ‘म्युझिक अ‍ॅनिमेशन मशीन’ असे नाव दिले. यंत्र असे त्यात काही नाही. वर उंच स्वर, खाली नीच स्वर. डावीकडे होऊन गेलेले, उजवीकडे यावयाचे. मध्यावर वर्तमान क्षण. रेघा उजवीकडून डावीकडे सरकतात आणि मध्य ओलांडताना उजळतात. प्रत्येक स्वरावलीला वेगळा रंग देता येतो. पुढे त्याने याच्या अनेक तऱ्हा केल्या, स्वरांच्या परस्परसंवादानुसार रंग ठरविण्याचीही एक पद्धत काढली. परंतु मूळ मांडणी वर सांगितली तेवढीच आहे, आणि ती समजण्यास संगीताची कोणतीही लिपी येण्याची गरज नाही. इंटरनेटच्या काळात हे आलेख लक्षावधी लोकांनी पाहिले. त्यांत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्यांपैकी एक त्याच डी मायनर टोकाटाचा आहे, आणि या वेळी स्वर ऑर्गनचे आहेत.

एखादी रचना घेऊन हे पाहणे बरे. बाखच्या तरुण वयातील जी मायनर फ्यूग यासाठी सोयीची आहे. त्याच स्वरातील दुसऱ्या एका मोठ्या फ्यूगपासून वेगळी ओळखता यावी म्हणून तिला ‘लहान फ्यूग’ म्हणतात. बाखच्या रचनांच्या सूचीत तिचा क्रमांक ५७८ आहे, आणि ती चार मिनिटांच्या आसपास संपते. फ्यूगमध्ये एक छोटी स्वरावली बीजासारखी असते, तिला ‘विषय’ म्हणतात. येथे जी हा षड्ज मानला तर विषय षड्जावरून पंचमावर झेप घेतो, कोमल गांधारावर उतरून ऋषभामार्गे षड्जाला परततो, आणि मग हळूहळू लहान लहान स्वरांत धावू लागतो. पडद्यावर हे असे दिसते: प्रथम एक लांब रेघ, तिच्यावर उंच दुसरी, मग उतरत्या पायऱ्या, आणि त्यानंतर आखूड रेघांची रांग. हा आकार एकदा मनात ठसला की काम झाले. आतापर्यंत एकच स्वरावली वाजत होती. साडेचार बार संपता संपता तोच आकार थोडा खाली, दुसऱ्या रंगात सुरू होतो. या वेळी पंचमाला षड्ज मानून. पहिली स्वरावली थांबत नाही, ती स्वतःचे काही तरी वेगळे बोलत राहते. मध्ये एक लहानसा दुवा, मग आणखी खाली तिसऱ्या रंगात तोच आकार, पुन्हा मूळ षड्जावर. आणि शेवटी सर्वांत खाली, पेडलवर, चौथा.

कान ज्याला गुंजारव म्हणत होता, तो एका जिन्यावरून क्रमाने खाली उतरणाऱ्या चार व्यक्तींसारखा आता उलगडतो. यापुढे विषय केव्हाही, कोठेही आला तरी डोळा त्याला आकारावरून ओळखतो आणि कानाला इशारा देतो. शेवटाकडे तो पुन्हा पेडलवर येतो, वरच्या तिन्ही स्वरावल्यांच्या दाटीखाली. नुसते ऐकताना हा प्रवेश हमखास हुकतो. एकदा पाहिल्यावर मात्र तो हुकत नाही, आलेख दूर केला तरीही नाही. या साधनाचे खरे मोल मला यातच दिसते.

येथे एक शंका घ्यावयास हवी. पडद्यावर चार स्वरावल्यांना चार रंग आहेत. ऑर्गनवर आहेत काय? बहुधा नाहीत. लहान फ्यूगमधील वरच्या तीन स्वरावल्या दोन हातांनी, सामान्यतः पट्ट्यांच्या एकाच ओळीवर वाजतात. त्यांना वारा मिळतो तो एकाच संचातील नळ्यांचा. म्हणून त्यांचा नाद एक असतो. मधली स्वरावली कधी डाव्या हातातून उजव्या हातात जाते आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. स्वतंत्र नाद असतो तो पेडलला. तेव्हा पडद्यावरचा रंग ही ऐकलेल्या गोष्टीची नोंद नव्हे. रचनाकाराच्या मनात जे विभाजन होते आणि वाद्याने जे झाकून टाकले, ते रंग उघड करतो. शिक्षकाच्या हातातील छडीसारखा त्याचा उपयोग आहे. छडी नकाशावरील नदी दाखविते, पण छडी म्हणजे नदी नव्हे. बाखच्या सहा त्रिक-सोनाटांत मात्र हा रंग वाद्यातही सापडतो. तेथे उजवा हात एका ओळीवर, डावा दुसऱ्या ओळीवर आणि पाय पेडलवर अशी वाटणी असून प्रत्येकाचे स्टॉप निराळे निवडता येतात. तीन रंग दिसतात आणि तीन ऐकूही येतात. आलेख पाहण्यास नव्याने सुरुवात करणाऱ्याने या सोनाटांपासून करावी असे सुचवावेसे वाटते, जरी लोकप्रियता टोकाटाच्या वाट्याला आलेली असली तरी.

दुसरी गोष्ट स्टॉपची. ऑर्गनचे सामान्य माप आठ फुटी मानतात, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सी’ची उघडी नळी सुमारे आठ फूट लांब असून ती सेकंदाला सुमारे ६५ कंपने देते. वादकाने सोळा फुटी स्टॉप जोडला तर त्याच पट्टीने एक सप्तक खालचा स्वरही वाजतो, चार फुटी जोडला तर एक सप्तक वरचा. बत्तीस फुटी नळीची कंपने सोळाच्या आसपास, म्हणजे मानवी श्रवणाच्या खालच्या सीमेवर असतात. ती ऐकू येण्यापेक्षा बाकावर बसल्या बसल्या शरीराला जाणवते. शिवाय पट्टीगणिक अनेक लहान नळ्यांचे टोक चमकविणारे मिश्र स्टॉप असतातच. अशा वेळी बोट एकाच पट्टीवर असते, पडद्यावर रेघ एकच उमटते, आणि चर्चमध्ये सहा-आठ नळ्या बोलत असतात. मघाशी मी म्हटले की ऑर्गन रेघेत जसाच्या तसा उतरतो. ते पट्टीपुरतेच खरे. आलेखात दिसते ती वादकाची बोटे व पावले. नळ्यांचे काय झाले, हे त्यात नाही. वेल्टेच्या कागदी गुंडाळीत निदान स्टॉपच्या सूचना तरी होत्या. पुष्कळशा हलत्या आलेखांत त्याही नसतात, आणि ही उणीव मला खटकते. एखाद्या ओळीवर नवा स्टॉप उघडला तर रेघ जाड व्हावी किंवा तिला वर-खाली फिकट सावल्या याव्यात, इतके तरी करणे अवघड नसावे.

तिसरी गोष्ट काळाची, आणि ती माझ्या मते सर्वांत गंभीर. आलेखाच्या उजव्या बाजूला येणारे स्वर आधीच दिसत असतात. डोळा पुढे जाऊन थांबतो आणि कान त्याला गाठण्यासाठी चालत राहतो. विषयाचा प्रवेश हुकू नये म्हणून हे उपकारक आहे. पण जेथे रचनाकाराला श्रोता चकित व्हावा असे वाटते, तेथे काय? डी मायनर टोकाटाच्या आरंभी वरच्या सप्तकात एक थरथरता स्वर आणि उतरती तान येते, मग स्तब्धता. पुढे काय, हे श्रोत्याला ठाऊक नाही. पडद्यावर मात्र त्या रिकाम्या जागेपलीकडे खालच्या सप्तकातील तोच आकार रांगेत उभा असलेला दिसतो, आणि त्याच्याही मागे पेडलच्या लांब रेघेवर एकावर एक चढत जाणाऱ्या स्वरांची रास. कर्कश स्वरसंघात एकेका स्वराने उभा राहतो, तो सुटेल की नाही या ताणात ऐकणाऱ्याने अडकावे अशी ती योजना. पाहणाऱ्याला उत्तर आधीच कळलेले असते. त्याच रचनेच्या फ्यूगमध्ये मात्र हाच आलेख एक सुंदर गोष्ट उघडी करतो. तिच्या विषयात एक स्वर सारखा परत परत येतो आणि त्याच्यामध्ये दुसरे स्वर हलत राहतात. कानाला ती एक धावती ओळ वाटते. पडद्यावर तिची दोन रूपे सुटी होतात: एक स्थिर, तंबोऱ्याच्या तारेसारखी, आणि दुसरी तिच्या आधाराने चालणारी.

यावर उपाय एवढाच की, रचना प्रथम डोळे मिटून ऐकावी, दुसऱ्यांदा आलेख पाहत ऐकावी, आणि तिसऱ्यांदा पुन्हा डोळे मिटून. क्रम उलटा करू नये. पहिल्यांदाच आलेख पाहिला तर चकित होण्याची एकमेव संधी खर्ची पडते, आणि ती परत मिळत नाही.

ज्याला हे करून पाहावयाचे असेल त्याने बाखची सी मायनर पासाकाल्या (सूचीतील क्रमांक ५८२) घ्यावी. तिचा आरंभ पेडलवरील आठ बारांच्या एकट्या स्वरावलीने होतो. मग तीच स्वरावली पुनःपुन्हा येत राहते आणि तिच्यावर वीस निरनिराळे विस्तार उभारले जातात. आवर्तनाच्या समेवर परत येणाऱ्या आपल्या श्रोत्याला ही बांधणी फ्यूगपेक्षा लवकर जवळची वाटेल. पडद्यावर खालच्या अंगाला तोच आकार पुनःपुन्हा सरकत येतो, वर दाटी वाढत जाते. एके ठिकाणी, अकराव्या विस्तारात, खालची जागा सोडून तो सर्वांत वर गेलेला दिसतो. नुसत्या कानाने हे स्थलांतर ओळखणे अभ्यस्तालाही सोपे नाही.

वीस विस्तारांनंतर त्याच स्वरावलीच्या पूर्वार्धावर फ्यूग सुरू होते, वाढत जाते, आणि शेवट जवळ आल्यावर एक अनपेक्षित, परक्या स्वरांचा जोरकस संघात येऊन सर्व स्वरावल्या एकदम थबकतात. वादक हात उचलतो. पडद्यावरील रेघा तेथे तुटतात आणि पलीकडे समाप्तीचे थोडेसे बार वाट पाहत असलेले दिसतात. मोठ्या दगडी चर्चमध्ये मात्र तो संघात वादकाने सोडल्यावरही काही सेकंद छताखाली फिरत राहतो. पुढचा स्वर केव्हा घ्यावयाचा, हे वादक त्या विरत जाणाऱ्या नादाकडे कान देऊन ठरवितो. पडद्यावर त्या वेळी काहीच नसते.